हातचं राखून शिकवताय? ऑनलाइन क्लासमधल्या या चुका टाळा

नवी बॅच सुरू झाली की व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता गलका असतो. "मॅम, ओटीजी ओव्हन किती लिटरचा घेऊ?", "बटर पेपर नसेल तर चालेल का?" पहिल्याच रात्री कुणीतरी केक करून फोटोही टाकतं. दुसऱ्या आठवड्यात फोटो कमी होतात. तिसऱ्यात झूमवर सगळे कॅमेरे बंद, आणि "आवाज येतोय ना?" या प्रश्नाला एखाद्‌दुसरं "हो मॅम". शेवटी मोजक्याच जणी उरतात आणि शिकवणारीचा निष्कर्ष ठरलेला असतो: शिकायचं कुणालाच नसतं, सर्टिफिकेट तेवढं हवं असतं.

बेकिंग, शिवण, एक्सेल-टॅली असे घरगुती ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांच्या बॅचचं मागचं काम मी बघते. फी, लिंका, रेकॉर्डिंग, तक्रारी, सगळं. त्यामुळे शिकवणारीला सहसा न दिसणारं एक चित्र मला दिसतं. गळालेल्यांचे जुने मेसेज चाळले, तर बऱ्याच जणींनी गप्प होण्याआधी एक नेमका प्रश्न विचारलेला असतो आणि त्यावर "होईल हळूहळू", "प्रॅक्टिस करा" किंवा "ते ॲडव्हान्सला घेऊ" एवढंच आलेलं असतं. त्यानंतर त्या पुन्हा काही विचारत नाहीत.

सगळी गळती याच खात्यावर टाकायची नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या, एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या कोर्सांमध्येसुद्धा २०१७-१८ साली नाव नोंदवणाऱ्यांपैकी अवघ्या ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पुरा केला. पण तिथे फुकट डोकावून जाणारे बरेच होते. फी भरून, वर ओव्हन विकत घेऊन आलेली बाई डोकावायला आलेली नसते. ती गप्प झाली तर कारण शोधायलाच हवं.

समोरासमोरच्या क्लासात न सांगितलेलंही अर्धंअधिक कळतं. बाई बोलल्या नाहीत तरी त्यांचा हात दिसतो, मिश्रण चमच्यावरून कसं पडतं ते दिसतं, शेजारणीचा केक का बसला हे तिच्याच टेबलाशी उभं राहून समजतं. जुन्या काळी उस्तादांच्या घरी राहणारे शागीर्द पलीकडच्या खोलीतला रियाज ऐकूनही बरंच उचलायचे. झूमला पलीकडची खोली नाही. जे चौकटीत दिसलं नाही आणि तोंडाने सांगितलं गेलं नाही, ते शिकणारीच्या लेखी नाहीच. त्यामुळे समोरच्या क्लासात खपून जाणारी हातचं राखायची सवय ऑनलाइनला बॅच मारते.

थकवा येतो कुठून

'बर्नआउट' हा शब्द हल्ली कशालाही वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तो नोकरी-व्यवसायातल्या ताणापुरताच ठेवला. मात्र शिकणाऱ्यांच्या थकव्याचा अभ्यास आधीपासून होत होता. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी नोकरदारांसाठी केलेल्या प्रश्नावलीवरून विल्मार शौफेली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रश्नावली केली. तिच्यात तीन गोष्टी तपासतात: अंगातलं त्राण जाणं, अभ्यासाबद्दल तुसडेपणा येणं, आणि 'आपल्याला हे जमतंय' ही भावना ओसरणं.

माझ्या पाहण्यात, राखून शिकवलेल्या बॅचमध्ये तिसरी गोष्ट सगळ्यात आधी येते. कारण उघड आहे. आपल्याला काहीतरी सांगितलेलं नाही, हेच मुळात शिकणारीला माहीत नसतं. तिने तीनदा केक केला, तिन्ही वेळा मध्ये बसला. व्हिडिओत मॅडमचा फुगला. साहित्य तेच, मापं तीच. मग उरलं काय? "माझ्याच हाताला गुण नाही." घरचे त्यात भर घालतात: "एवढ्या पैशात बेकरीतून आणले असते." चौथ्यांदा मैदा चाळताना तिला झोप कमी पडलेली नसते, कामही फार झालेलं नसतं. तरी हात उचलत नाही.

इथून पुढे शिकवणाऱ्यांशी बोलते.

चूक: "आमचंच प्रीमिक्स घ्या"

जाहिरातीत 'एगलेस केक, बेसिक ते प्रोफेशनल'. पहिल्या दिवशी कळतं की स्पंज प्रीमिक्सचा, म्हणजे तयार कोरड्या मिश्रणाचा आहे आणि पाकीट मॅडमकडूनच मागवायचं आहे. प्रीमिक्स वाईट नाही. ऑर्डरींच्या धबडग्यात अनेक होमबेकर तेच वापरतात आणि केक झकास होतो. पण 'प्रीमिक्सचा केक' असं जाहिरातीत लिहायला काय हरकत होती?

पाकीट फोडून पाणी-तेल घालायला शिकलेल्या मुलीला केक का फुगतो हे माहीत नसतं. दही आणि खायचा सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटू लागतो, म्हणून मिश्रण झालं की थेट तापलेल्या ओव्हनमध्ये जायला हवं. हे एवढं एक वाक्य जिच्या कानावर गेलंय ती मिश्रण ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसणार नाही. जिला सांगितलेलं नाही, तिचा केक बसला की ती पाकिटाला दोष देते, मग ओव्हनला, मग स्वतःला.

शिवणाच्या क्लासात याचाच जुळा भाऊ भेटतो: ३२, ३४, ३६ चे तयार कागदी कटिंग पाठवायचे आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, कसा काढला ते सांगायचं नाही. समोर उतरत्या खांद्याची गिऱ्हाईक उभी राहिली की हातातली कात्री थांबते.

एक्सेलवाल्यांकडे तर 'का' गिळून टाकायची फॅशनच आहे. "व्हीलुकअपच्या शेवटी झीरो लिहायचा, बस." व्हीलुकअप म्हणजे यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारं सूत्र. त्यात झीरो का लिहायचा ते सांगत नाहीत. शेवटचा तो भाग लिहिलाच नाही तर एक्सेल तंतोतंत जुळणारी नोंद न शोधता जवळपासची धरतं, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर बिनदिक्कत चुकीचं उत्तर देतं. एररसुद्धा दाखवेलच असं नाही. ऑफिसात चुकीचा पगार लागला की मुलगा घरी येऊन म्हणतो, "मला एक्सेल जमत नाही." त्याला जमत होतं. अर्ध्या मिनिटाचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

चूक: बिघडलेला भाग व्हिडिओतून उडवणं

ही चूक जाणूनबुजून कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते, म्हणून इथे जरा थांबते.

एका क्लासचं कच्चं चित्रीकरण मी पाहिलं होतं. फ्रॉस्टिंगचा धडा. बाई क्रीम फेटताहेत, बोलता बोलता बीटर चार-सहा सेकंद जास्त फिरला आणि क्रीम दाणेदार झालं, पृष्ठभागावर छिद्रं दिसू लागली. त्या जराही गडबडल्या नाहीत. बाजूच्या डब्यातलं न फेटलेलं पातळ क्रीम दोन-तीन चमचे घातलं, बीटर बाजूला ठेवला, स्पॅट्युलाने हलकेच घडी घालत मिसळलं. क्रीम पुन्हा गुळगुळीत. अख्ख्या कोर्समधला सगळ्यात मोलाचा मिनिट तो होता. एडिटिंगमध्ये उडवला गेला, "चांगलं दिसत नाही" म्हणून. त्या धड्यानंतर ग्रुपवर आलेल्या फोटोंमध्ये फाटलेल्या क्रीमचेच फोटो जास्त होते, आणि प्रत्येकीने ते क्रीम फेकून दिलं होतं. नॉन-डेअरी क्रीमचा लिटरचा डबा काही स्वस्त येत नाही.

दुसरी गोष्ट चौकटीबाहेरची. बाईंच्या खोलीत एसी चालू होता आणि चित्रीकरण थंडीतलं. शिकणारी मे महिन्यात नागपुरात, बाहेर ४४ अंश. क्रीम फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात सोडायचं, पूर्ण पाणी होऊ द्यायचं नाही, बर्फाचे बारीक कण असतानाच फेटायला घ्यायचं, भांडं आणि बीटरच्या काड्यासुद्धा थंड हव्यात. हे सगळं बाईंच्या हाताला इतकं सवयीचं की सांगायचं सुचतच नाही. नागपूरची मुलगी मात्र क्रीम ओट्यावर वितळवून अर्धा तास बीटर फिरवत बसते.

जाणकाराला आपलं जाणतेपण दिसत नाही, याचा एक मजेशीर प्रयोग १९९० साली स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक. आपल्या रेकॉर्डिंगमध्ये टकटक किती आणि सूर किती, हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे जिला बेकिंगचं ओ की ठो कळत नाही अशा जावेला किंवा शेजारणीला फक्त तो व्हिडिओ देऊन केक करायला लावा आणि तिच्या मागे गप्प उभ्या राहा. जिथे ती थांबेल तिथे तुम्ही काहीतरी गाळलंय.

आणि एक धडा फक्त बिघडवण्याचा ठेवा. मुद्दाम बिघडवा. ओव्हन आधी न तापवता एक केक, मधेच दार उघडून एक, जास्त तापमानावर एक. म्हणजे वरून फुटलेला आणि आतून कच्चा कसा दिसतो ते कळेल. मैद्याचा कप वजनकाट्यावर ठेवून दाखवा. चमच्याने हलकेच भरला तर साधारण १२५ ग्रॅम, डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० पर्यंत. दोन कपांच्या केकमध्ये ५० ग्रॅम मैदा असाच जास्त पडतो आणि केक दगड होतो. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत फरक असू शकतो, त्यामुळे ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्यायला सांगा. हे ऐकल्यावर बॅचमधल्या निम्म्या बायकांचा जीव भांड्यात पडतो. दोष हाताचा नव्हता, बटणाचा होता.

चूक: "स्वतः शोधा, तरच शिकाल"

या वाक्यात तथ्य आहे, म्हणूनच ते धोकादायक आहे. थोडी झटापट झाली की शिकलेलं पक्कं बसतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बियॉर्क यांनी अशा हव्याहव्याशा अडचणींबद्दल लिहिलं, शिक्षण-संशोधक मनु कपूर यांनी आधी चुकू द्या, मग शिकवा अशी पद्धत अभ्यासली. फक्त कपूर यांच्या पद्धतीतला दुसरा भाग आपल्याकडे गुपचूप गायब होतो. मुलं स्वतः झगडून झाल्यावर शिक्षक येऊन नीट, पूर्ण उलगडून सांगतो. झगडा ही पूर्वतयारी असते. आपले 'स्वतः शोधा'वाले झगडायला लावतात आणि पुढच्या टॉपिकवर जातात.

शिवाय नवशिक्याची गोष्ट वेगळी. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासणारी मुलं नुसती गणितं सोडवत बसलेल्यांपेक्षा तशाच नव्या गणितांत लवकर तयार झाली. नवशिक्याचं डोकं शोधाशोधीतच खर्च होतं, शिकायला उरत नाही. हात बसल्यावर मदत कमी करत न्यायची, हे बरोबर. सुरुवातीलाच काढून घेतली तर ती शिस्त कसली?

मी एकच प्रश्न विचारते: हे उत्तर तुम्ही कधी देणार आहात? "गुरुवारच्या सेशनला, त्यांनी दोनदा करून पाहिल्यावर" असं उत्तर आलं तर ते शिकवणं आहे. वार-तारीख सांगता येत नसेल तर ती टाळाटाळ आहे, तिला कितीही भारदस्त नाव द्या.

चूक: "ते ॲडव्हान्सला बघू"

वरचा कोर्स विकण्यात काही वावगं नाही. पण खालच्या कोर्समध्ये जे कबूल केलंय ते पुरं होण्यासाठी लागणारी गोष्ट वरच्या कोर्समध्ये ढकलायची नाही. 'अर्धा किलोचा क्रीम केक' शिकवणार म्हटलंत ना, मग क्रीम उन्हाळ्यात टिकवायचं कसं हे त्याच फीमध्ये आलं. फॉन्डंटची, म्हणजे साखरेच्या लगद्याची फुलं खुशाल ॲडव्हान्सला ठेवा.

कॅथरीन कॉनेली आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ऑफिसांमधल्या सहकाऱ्यांमधली लपवाछपवी अभ्यासली. तिचे तीन प्रकार त्यांनी सांगितले: गोलमोल उत्तर देऊन कटवणं, माहीत नसल्याचं सोंग घेणं, आणि कारण सांगून नकार देणं. तिसऱ्यात फसवणूक असतेच असं नाही, हेही त्यांनी नोंदवलं. अभ्यास ऑफिसांचा असला तरी क्लासला चपखल लागू पडतो. "माझ्या चॉकलेट गनाशचं प्रमाण मी या कोर्समध्ये देत नाही, ते माझ्या ऑर्डरींचं खास आहे" असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या बाईंवर कुणी चिडलेलं मला आठवत नाही. चिडतात ते "बघून सांगते" म्हणून आठवडाभर न सांगणाऱ्यांवर. समोरची बाई 'ब्लू टिक' बघत असते, हे विसरू नका.

तेव्हा फी घेण्यापूर्वीच पाठवायच्या मेसेजमध्ये एक भाग ठेवा: 'या कोर्समध्ये काय नाही'. चार ओळी पुरतात. ॲडमिशन थोड्या कमी होतील कदाचित. भांडणं नक्की कमी होतील.

चूक: ग्रुपला कुलूप

'ओन्ली ॲडमिन कॅन सेंड मेसेजेस'. कारण पटण्यासारखं असतं: गुड मॉर्निंगचे फोटो, फॉरवर्ड, रात्री बाराला प्रश्न. पण कुलूप घातलं की शिकणाऱ्यांचे एकमेकींकडे जाणारे रस्तेही बंद होतात. सांगलीच्या मुलीने जे काल सोडवलं ते वसईच्या मुलीला कळत नाही. दोघींना वाटतं आपण एकटीच ढ. आणि तोच प्रश्न तुम्हाला वैयक्तिक मेसेजवर वीस वेळा येतो, म्हणजे आधी शिकणारी थकते, मग तुम्ही.

काही ठिकाणी कुलपामागचा हेतू जरा निराळाच असतो. बायका एकमेकींशी बोलल्या तर "मला मॅडमनी हे सांगितलं, तुला नाही?" हे उघडं पडतं. तसं असेल तर ग्रुपचं सेटिंग बदलून काही साधणार नाही.

रोज संध्याकाळी दोन तास ग्रुप उघडा ठेवा, फॉरवर्डला मनाई करा, आणि उत्तर द्यायची घाई करू नका. आधी बॅचमधलं कुणी देतंय का बघा. चुकीचं दिलं तर दुरुस्त करा. आधीच्या बॅचमधली एखादी हुशार मुलगी थोडी फी माफ करून मदतीला घेतली तर उत्तमच.

किरकोळ वाटणाऱ्या, पण किरकोळ नसलेल्या

"छान", "मस्त", "कीप इट अप". केकच्या प्रत्येक फोटोवर हेच. फोटोत केक वरून दिसतो, गोची आत असते. कापलेल्या केकचा आतला फोटो मागा आणि एक तरी कारण लिहा: "खालचा थर घट्ट राहिलाय, मिश्रण ओव्हनमध्ये जायला वेळ लागला का?" असं एक वाक्य दहा अंगठ्यांच्या वरचढ.

रेकॉर्डिंग सात दिवसांत गायब करणं. दिवाळीत, परीक्षेत, सासूबाईंच्या आजारपणात सात दिवस कुठे जातात कळत नाही. मग रात्री दुप्पट वेगाने व्हिडिओ बघणं आलं. मुदत ठेवायचीच तर निदान कोर्स संपल्यावर महिनाभर ठेवा.

खर्चाचं गणित लपवणं. "महिन्याला घरबसल्या कमाई" असं सांगून क्लास विकायचा आणि साहित्य, वीज, खोका, डिलिव्हरी, बिघडलेला माल यांचा हिशोब दाखवायचा नाही, ही मला लबाडीच वाटते. फूड लायसन्सचंही तसंच. घरून खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, हे क्लासमध्ये सांगायचं राहून जातं आणि पहिली मोठी ऑर्डर आल्यावर धावपळ होते.

"पण सगळं दिलं तर माझ्याकडे येईल कोण?"

ही भीती खोटी नाही. शिकून गेलेली मुलगी दोन महिन्यांत पुढच्या गल्लीत क्लास काढते, तुमच्याच नोट्सवर स्वतःचा लोगो टाकून. अशा प्रकरणात कायद्याची बाजू थोडक्यात अशी: कृतीच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, पण तुम्ही लिहिलेल्या नोट्सवर आणि काढलेल्या व्हिडिओवर असतो. तेव्हा पीडीएफवर नाव घाला, व्हिडिओवर वॉटरमार्क टाका, चोरी दिसली तर प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा. चोरीचा बंदोबस्त तिथे करायचा. सगळ्या बॅचला अर्धवट शिकवून तो होत नाही.

राखून ठेवलेल्या विद्येचं काय होतं, याचा दाखला आपल्याच घरात आहे. घराण्यांच्या खास चिजा मुलाला किंवा एखाद्याच पट्टशिष्याला मिळायच्या. विष्णु नारायण भातखंड्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून हजाराहून अधिक बंदिशी जमवल्या आणि स्वरलिपीसकट क्रमिक पुस्तक मालिकेत मराठीत छापून टाकल्या. ते १९३६ साली गेले. बंदिशी तेव्हापासून दुकानात विकत मिळताहेत, आता तर फोनवर ऐकायला मिळतात. गुरूकडे जाणाऱ्यांची रांग मात्र काही संपली नाही, कारण पुस्तक "तुझा गंधार किंचित चढतोय" असं सांगत नाही.

केकचंही तेच. रेसिपी यूट्यूबवर फुकट आहे हो! लोक तुमच्याकडे फी भरतात ते त्यांचा बिघडलेला केक बघून कारण सांगायला. विकायचा माल तो आहे: तुमचा वेळ, तुमची नजर. त्याची फी वाढवा, बॅच लहान ठेवा. घाऊक व्यापाऱ्याशी तुम्ही घासाघीस करून ठरवलेला दर, तुमची गिऱ्हाईकं, लग्नाच्या केकची तुमची डिझाइनं हे खुशाल स्वतःकडे ठेवा, त्यावर शिकणाऱ्यांचा हक्क नाही.

आणि राखणाऱ्याचंही भलं होत नाही. स्लोव्हेनियातल्या कंपन्यांमध्ये मातेय चेर्ने आणि सहकाऱ्यांनी केलेला २०१४ चा अभ्यास सांगतो की सहकाऱ्यांपासून माहिती लपवणाऱ्याला सहकारीही मग काही सांगेनासे होतात, आणि त्यात लपवणाऱ्याची स्वतःची कल्पकता घटते. क्लास घेणाऱ्या बायकांमध्ये हे मी सर्रास बघते. जिच्या ग्रुपवर मोकळेपणा आहे, तिला नवी क्रीम कशी निघाली, कुठल्या दुकानात साचे स्वस्त आलेत, हे शिकणाऱ्याच आपण होऊन सांगतात.

बॅच आधीच थंडावली असेल तर

सगळ्यात आधी प्रेरणादायी भाषण टाळा. "जिद्द ठेवा" हे ऐकून थकलेली बाई आणखी खचते, कारण जिद्द तिच्याकडे होती आणि ती खर्च होऊन गेली.

"काही शंका आहे का?" असं ग्रुपवर विचारलंत तर शांतताच मिळेल. एकेकीला वैयक्तिक मेसेज करा आणि थेट विचारा, "शेवटचा केक कधी केला होता आणि तो कापल्यावर कसा दिसत होता?" जुना फोटो असेल तर मागवा. पाच-सहा उत्तरं आली की नक्षी दिसू लागते. सगळ्यांचेच मध्ये बसलेत? मग बहुधा केक आतून कच्चा असतानाच निघतोय, किंवा दार लवकर उघडलं जातंय, किंवा सोड्याचं माप चुकतंय. यातलं तुम्ही काय सांगायचं विसरलात ते तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये शोधा. प्रत्येकीचं वेगवेगळं बिघडलंय? मग ओव्हन आणि मापाचे कप तपासा. कुणी केलाच नाहीये? मग साहित्य महाग पडतंय का ते विचारा. पाव किलोच्या प्रमाणात कृती द्या, म्हणजे बिघडला तरी जीव जात नाही.

नंतर जे राहिलं होतं ते एका जादाच्या सेशनमध्ये सगळ्यांना एकदम सांगा, फी न घेता. एकेकीला खाजगीत सांगितलंत तर उरलेल्यांना पुन्हा वाटणार की आपल्यापासून काहीतरी लपवलं. कॅमेरा सुरू करायची सक्ती नको. जिच्या मागे पसारा आहे, सासरे बसलेत, ती कॅमेरा लावणार नाही, म्हणून तिचं लक्ष नाही असं होत नाही.

जी तरीही येणार नाही म्हणते तिला सोडा. तिचा दम गेला असेल तर सुट्टी हाच उपाय आहे. रेकॉर्डिंग मात्र चालू ठेवा.

शिकणाऱ्यांसाठी थोडं

"मॅम, माझा केक नीट होत नाही" या प्रश्नाला चांगल्यातली चांगली शिकवणारीही उत्तर देऊ शकणार नाही. ओटीजी किती लिटरचा, किती मिनिटं तापवला, टिन किती इंची, कप कसा भरला, मिश्रण झाल्यापासून ओव्हनमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला, कापलेल्याचा फोटो. एवढं एका मेसेजमध्ये लिहा. एवढं लिहूनही दोनदा गोलमोल उत्तर आलं तर समजा की अडचण तुमच्या हातात नाहीये. पुढच्या कोर्सचे पैसे तिथे भरू नका.

फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: प्रीमिक्स सक्तीचं आहे का, रेकॉर्डिंग कधीपर्यंत राहील, आणि जुन्या बॅचमधल्या कुणाशी बोलता येईल का. तिसऱ्या प्रश्नावर "नंबर देता येत नाही" असं उत्तर आलं तर लगेच शंका घेऊ नका, नंबर न देणं योग्यच आहे. "तुमचा नंबर त्यांना देते, त्या फोन करतील" असं सुचवून बघा आणि फोन येतो का ते बघा.